तपकीर गल्लीतलं कॉम्प्युटर रिपेअरचं दुकान: बाबांच्या कॉम्प्युटरचं घड्याळ १६० रुपयात नीट झालं

रिव्ह्यू जरा मोठा झालाय पण ज्यांच्या घरी जुना डेस्कटॉप आहे आणि त्याची तारीख-वेळ सारखी बिघडतीये त्यांनी प्लीज पूर्ण वाचा, कारण या एवढ्याशा गोष्टीपायी आमचे तीन महिने गेले, एका ठिकाणी पैसे गेले, आणि शेवटी काम झालं ते पाऊण तासात.

आमच्याकडे पुण्यात सहकारनगरला बाबांचा बारा वर्षांचा डेस्कटॉप आहे. बाबा ७६ वर्षांचे, टेलिफोन खात्यातून रिटायर झालेले, आणि आता सोसायटीचे खजिनदार. मोबाईलवर बँकेचं काम करायला त्यांना नको वाटतं, अक्षरं बारीक दिसतात, भलतीकडे बोट लागतं, म्हणून मेंटेनन्सचा हिशोब, पावत्या, सोसायटीचं लाईटबिल, पाण्याच्या टँकरचे पैसे असं सगळं त्या डेस्कटॉपवर चालतं. माझ्यासाठी तो जुना डबा असेल पण बाबांचं ते ऑफिस आहे, सकाळी चहा झाला की दहाला तिथे बसतात ते थेट जेवायलाच उठतात.

साधारण डिसेंबरपासून काय व्हायला लागलं की कॉम्प्युटर चालू केला की काळा स्क्रीन यायचा, त्यावर इंग्रजीत सीमॉस चेकसम एरर की काहीतरी, एफ वन दाबा. बाबा दाबायचे, विंडोज चालू व्हायचं, आणि कोपऱ्यात तारीख १ जानेवारी २०१३. बाबा हाताने तारीख लावायचे, मग पाच-सहा दिवस काही नाही, आणि परत तेच. बाबा पहिल्यापासून म्हणत होते की अगं हे गुरुवारीच होतं, आणि मी ऑफिसच्या गडबडीत म्हणायचे बाबा कॉम्प्युटरला कुठला आलाय वार. हे मी मुद्दाम लिहितीये कारण पुढे ते शंभर टक्के बरोबर निघाले.

चुकीच्या तारखेने काय बिघडतं हे मला स्वतःलाही आधी माहीत नव्हतं. बँकेची साईटच उघडत नाही. ब्राउझर सांगतो की कनेक्शन सुरक्षित नाही, आणि बाबा घाबरले की अकाउंट हॅक झालं, दोन रात्री नीट झोपले नाहीत. खरं तर बँकेच्या साईटचं जे सर्टिफिकेट असतं त्यावर अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत चालेल असं लिहिलेलं असतं आणि हल्ली ती सर्टिफिकेटं फार थोड्या काळाची असतात, काही तर ९० दिवसांचीच. आता कॉम्प्युटर समजतोय आज २०१३ साल आहे, म्हणजे त्याच्या हिशोबाने ते सर्टिफिकेट अजून सुरूच झालेलं नाही, मग तो दार उघडत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. दुसरं म्हणजे पावत्या. बाबांच्या एक्सेलच्या पावतीवर आजची तारीख आपोआप येते, तर सोसायटीतल्या चार जणांना २०१३ च्या पावत्या गेल्या. आणि सगळ्यात वाईट म्हणजे फाईली. ते फोल्डर तारखेप्रमाणे लावलेलं असतं, नवीन फाईल वर. फेब्रुवारीचा हिशोब त्यांनी सेव्ह केला तो २०१३ च्या तारखेने, फाईल गेली यादीत एकदम खाली, दिसली नाही, म्हणून त्यांनी जानेवारीचीच फाईल उघडून त्यात परत सगळं भरलं. दोन दिवसांचं काम डबल. मॉनिटरच्या कडेला त्यांनी चिठ्ठी चिकटवली, "आधी तारीख, मग बँक". ती चिठ्ठी बघून मला फार वाईट वाटायचं खरं सांगते, कारण ७६ व्या वर्षी माणूस कटकट न करता स्वतःच मार्ग काढतोय आणि आपण नंतर बघू म्हणतोय.

मग आधी एका घरी येणाऱ्या टेक्निशियनला बोलावलं. तो आला, तारीख लावली, वेळ लावली, दहा मिनिटात झालं म्हणाला, ४०० रुपये व्हिजिटचे. गुरुवारी परत २०१३. परत फोन केला तर म्हणे पुन्हा व्हिजिट चार्ज पडेल. मग जवळच्याच एका चकाचक दुकानात नेला, तिथे त्यांनी लावला, तो काळा स्क्रीन बघितला आणि कॅबिनेट उघडायच्या आधीच सांगितलं की मदरबोर्ड, म्हणजे आतला मुख्य बोर्डच गेलाय, तसंही विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आता यात पैसे घालू नका, नवीन घ्या. सपोर्ट संपला ते खरं आहे, पण त्याचा आणि घड्याळ मागे जाण्याचा काही संबंध नाही. बाबा काही बोलले नाहीत, फक्त कॅबिनेट उचलून परत घ्या म्हणाले.

तपकीर गल्लीचं मला ऑफिसातल्या एका मैत्रिणीने सांगितलं. पुण्यातल्या लोकांना माहीतच असेल, बुधवार पेठेत, दगडूशेठच्या देवळापासून चालत जाता येतं, सगळी इलेक्ट्रॉनिक्सची, वायरींची, लाईटांची दुकानं. दुकानाच्या पाटीवर नाव नाहीये, फक्त "कॉम्प्युटर रिपेअर" एवढंच रंगवलंय म्हणून नाव देता येत नाहीये, पण वायरच्या दुकानाशेजारचा अरुंद जिना चढून वर गेलं की समोरच एक काउंटर आहे, मागे भिंतभर जुने मदरबोर्ड टांगलेले. साधारण पन्नाशीचे दादा आणि त्यांच्याकडे एक शिकाऊ मुलगा. रिक्षात मांडीवर कॅबिनेट घेऊन आम्ही दोघं गेलो, बाबांना मी घरीच थांबा म्हणत होते, ते ऐकेनात, आणि बरं झालं ऐकलं नाही.

कारण दादांनी माझ्याशी नाही, बाबांशी बोलायला सुरुवात केली. काका, कॉम्प्युटर कोण वापरतं? मी. मग तुम्हीच सांगा. आणि स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी त्यांनी प्रश्न विचारले. पहिला प्रश्न, वेळ चुकते म्हणजे किती चुकते? हा प्रश्न आधीच्या दोघांपैकी एकानेही विचारला नव्हता. त्यांचं म्हणणं की फरक किती आहे यावरच निम्मं निदान होतं. बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल तर घड्याळ चांगलंच आहे, मामला भारतीय वेळ आणि जागतिक वेळ यातल्या घोळाचा आहे, कारण आपली वेळ साडेपाच तास पुढे. साडेतेरा किंवा साडेबारा तासांचा फरक असेल तर कोणीतरी नवीन विंडोज टाकलंय आणि टाईमझोन अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचाच ठेवलाय, त्यांच्या उन्हाळ्यात ते घड्याळ तासभर पुढे करतात म्हणून दोन आकडे. रोज थोडं थोडं मागे पडत असेल तर आतल्या घड्याळाचा छोटा सेल उतरत चाललाय किंवा त्या घड्याळातल्या क्रिस्टलचा प्रॉब्लेम. आणि एकदम जुन्या वर्षाच्या एक जानेवारीला जात असेल तर आतल्या घड्याळाचा करंटच पूर्ण तुटतोय.

दुसरा प्रश्न, काका, भिंतीवरचं बटण रोज बंद करता का? बाबा म्हणाले नाही हो, त्याच बोर्डवर राउटर आहे, ते चालूच असतं. मग तिसरा, तुमच्याकडे लाईट कधी जाते? आणि बाबा एकदम म्हणाले, गुरुवारी! दुरुस्तीसाठी गुरुवारी लाईट जाते हे पुण्यात ज्यांनी वर्षं काढलीत त्यांना सांगायला नको. दादा हसले आणि म्हणाले, काका, तुम्हीच शोधून काढलंय की, मी फक्त सेल बदलतो. बाबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तीन महिन्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांचं म्हणणं खरं धरलं होतं.

मग त्यांनी जे समजावलं ते मला कळलं तसं सांगते. मदरबोर्डवर एक छोटं स्वतंत्र घड्याळ असतं, कॉम्प्युटर बंद असला तरी ते चालू राहतं. आपल्या मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळात असतो तसाच क्रिस्टल त्यात असतो, सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा, आणि हा आकडा असा विचित्र का तर दोनाचा पंधरावा घात आहे, पंधरा वेळा निम्मं केलं की बरोबर सेकंदाला एक ठोका मिळतो. हे ऐकून बाबा खूश, खात्यात त्यांनी असलीच कामं केलीत. तर कॅबिनेट प्लगला लावलेलं आणि बटण चालू असेल तर एसएमपीएसमधून (कॅबिनेटमधला वीज पुरवणारा डबा) थोडासा करंट सतत बोर्डला मिळत राहतो आणि घड्याळ त्यावर चालतं, सेलची गरजच पडत नाही. सेल लागतो फक्त लाईट गेल्यावर. आमचा सेल मेलेला होता पण बटण कायम चालू असल्यामुळे सहा दिवस पत्ता लागायचा नाही, आणि गुरुवारी लाईट गेली की घड्याळ उपाशी, परत आली की बोर्डच्या फॅक्टरीतल्या तारखेवर. तो काळा स्क्रीनही त्याचाच, की माझ्याकडे लिहून ठेवलेलं सगळं पुसलं गेलंय. मदरबोर्ड गेलाय असा त्याचा अर्थ नाही.

मग उघडलं. आधी वायर काढलेली आहे ना ते बघितलं, उघडल्यावर ब्लोअरने धूळ उडवली, बारा वर्षांची होती, ती बघून मलाच कसंतरी झालं. सेल काढून मीटरला लावला आणि मीटर आमच्याकडे फिरवून दाखवला, १.९ व्होल्ट. नवीन सेल लावून दाखवला, ३.२ च्या वर. हे मला सगळ्यात आवडलं. तोंडी सांगणं वेगळं आणि दोन आकडे शेजारी शेजारी दाखवणं वेगळं. सेलचा नंबर सीआर २०३२, आणि नंबरातच माप आहे, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड. त्यांनी सांगितलं की लोक २०२५ किंवा २०१६ आणतात, रुंदी तीच पण जाडी कमी, खाचेत बसतो पण पत्रा नीट टेकत नाही आणि मग सेल बदलूनही तेच, म्हणून लोकांना वाटतं बोर्ड खराब. आम्हाला मॅक्सेलचा सेल टाकला, पॅकिंग आमच्यासमोर फोडलं. कॅबिनेटच्या आतल्या बाजूला पांढऱ्या पट्टीवर मार्करने बदलल्याची तारीख लिहून चिकटवली.

जुना सेल त्यांनी दोन्ही बाजूंनी सेलोटेप लावून परत दिला आणि विचारलं घरी लहान मूल आहे का. माझी मुलगी तीन वर्षांची आहे. तर म्हणाले हा सेल मेला असला तरी मुलाने गिळला तर अन्ननलिका आतून जळते, दोन तासात सुद्धा इजा होऊ शकते, असं झालं तर वाट न बघता सरळ हॉस्पिटल गाठायचं, आणि घरी गेल्या गेल्या हा ई-कचऱ्यात द्या, ड्रॉवरमध्ये टाकू नका. खरं सांगते, मला हे माहीत नव्हतं. आमच्या घरात वजनकाट्याचे, रिमोटचे असे चार सेल ड्रॉवरमध्ये लोळत होते, त्याच संध्याकाळी सगळे काढले.

आता पुढचा भाग नीट वाचा, कारण सेल बदलला म्हणजे काम संपत नाही. सगळं पुसलं गेलेलं असल्यामुळे बायोसमधली (विंडोजच्या आधी चालू होणारा बोर्डवरचा प्रोग्रॅम) बाकीची सेटिंगही मूळपदावर गेलेली असतात. त्यांनी आत जाऊन तारीख-वेळ लावली, हार्डडिस्कचं सेटिंग तपासलं (ते बदललं तर विंडोज निळा स्क्रीन देऊन बसतं म्हणाले), कुठल्या डिस्कवरून चालू व्हायचं तो क्रम बघितला, सेव्ह केलं. मग विंडोजमध्ये आधी टाईमझोन बघितला, त्या यादीत पुणे शोधू नका, चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली असं एकत्र लिहिलेलं असतं ते निवडायचं, देशभर वेळ एकच. आणि मगच इंटरनेटवरून वेळ सिंक केली, म्हणजे तिथल्या वेळेशी जुळवून घेतली.

इथे मी त्यांना विचारलं की आम्ही घरी सिंकचं बटण इतक्यांदा दाबलं ते का चाललं नाही? तर कारण असं की घरच्या साध्या विंडोजमध्ये मर्यादा घातलेली असते, ५४,००० सेकंदांची, म्हणजे १५ तासांची. फरक त्याहून जास्त असेल तर विंडोज इंटरनेटवरून आलेली वेळ स्वीकारतच नाही, एवढा मोठा बदल करणार नाही म्हणतं. आमचा फरक होता बारा-तेरा वर्षांचा! म्हणून आधी हाताने तारीख आणि वेळ साधारण बरोबर लावायची आणि मग सिंक दाबायचं, उलट केलं तर होत नाही. हे एक वाक्य कोणी सांगितलं असतं तर निदान दर वेळचा त्रास तरी वाचला असता. बाबांनी विचारलं ही वेळ येते कुठून, तर म्हणाले विंडोजचा स्वतःचा सर्व्हर असतो, पण तुम्हाला हवी तर दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेची लावून देतो, भारताची प्रमाणवेळ तेच सांभाळतात, आणि त्यांचा वेळेचा सर्व्हर कोणालाही वापरता येतो. बाबांनी लगेच हो म्हटलं. अणुघड्याळावरची वेळ आपल्या टेबलावर, याचं त्यांना इतकं अप्रूप वाटलं की परत येताना रिक्षावाल्यालाही सांगितलं.

शेवटी त्यांनी जे केलं ते कोणीच करत नाही. कॉम्प्युटर बंद केला, प्लग काढला, आणि म्हणाले काका, खाली जाऊन चहा पिऊन या. वीस मिनिटांनी आल्यावर आमच्यासमोर प्लग लावला, चालू केला, एफ वन नाही, तारीख बरोबर, वेळ बाबांच्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळवून बघितली. सेल ६०, मजुरी १००. धुळीचे वेगळे पैसे नाहीत.

पुढच्या गुरुवारी मी ऑफिसात होते, साडेपाचला बाबांचा फोन, लाईट आत्ता आली, मी चालू केला, बरोबर आहे. एवढंच बोलले आणि ठेवला.

दोन आठवड्यांनी भाच्याचा लॅपटॉप घेऊन परत गेले, तो इंजिनिअरिंगला आहे आणि एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि उबंटू दोन्ही टाकलंय, उबंटू वापरून विंडोजमध्ये आला की घड्याळ साडेपाच तास मागे. मी तर या वेळी आधीच सांगितलं की बरोबर साडेपाच तास आहेत. दादा म्हणाले मग ताई तुम्हाला उत्तर माहितीये, सेल नाही. लिनक्स (उबंटू हा त्याचाच एक प्रकार) आतल्या घड्याळात जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच वेळ इथली समजून दाखवतं, दोघं एकाच वहीत दोन भाषांत लिहितायत. एका कमांडने उबंटूला सांगितलं की इथलीच वेळ ठेव, दोन मिनिटांत झालं, आणि पैसे घेतले नाहीत, काहीच उघडलं नाही तर कसले पैसे म्हणाले. भाच्याला मात्र कमांड स्वतः टाईप करायला लावली.

आता न आवडलेलं पण लिहिते. जिना खूप उभा आणि अंधारा आहे, कठडा एकाच बाजूला, बाबांना चढताना त्रास झाला, गुडघेदुखी असलेल्यांना खालीच थांबवा, शिकाऊ मुलगा सामान वर घेऊन जातो असं नंतर कळलं, तशी पाटी खाली लावायला हवी. बसायला एकच स्टूल. दुपारी दुकान बंद असतं आणि फोन उचलत नाहीत, आम्ही पहिल्यांदा दोनला गेलो आणि साडेचारपर्यंत थांबलो. बिल मागितल्यावरच दिलं, हाताने लिहिलेलं. सेलवर गॅरंटी नाही, पण विचारल्यावर स्पष्ट सांगितलं की पाचेक वर्षं धरून चाला, बटण चालू ठेवत असाल तर जास्त, तुमचा बारा वर्षं गेला तो त्यामुळेच. शनिवारी संध्याकाळी अजिबात जाऊ नका, गल्लीत पाय ठेवायला जागा नसते.

हे घरी करता येईल का असं विचाराल तर डेस्कटॉपचं येईल, प्लग काढून, सेल खाचेच्या कडेची क्लिप दाबून वर येतो, अधिक लिहिलेली बाजू वर ठेवायची. पण काढायच्या आधी बायोसच्या सगळ्या पानांचे मोबाईलवर फोटो घ्या. लॅपटॉपला घरी हात लावू नका, त्यातला सेल बऱ्याचदा वायरला जोडलेला आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला असतो, काहींत तर वेगळा सेल नसतोच.

जायचं असेल तर गाडी नेऊ नका, पार्किंग मिळत नाही. स्वारगेटहून मेट्रोने पुढचंच स्टेशन मंडई, तिथून चालत. डेस्कटॉप असेल तर रिक्षा, आणि फक्त कॅबिनेट न्या, मॉनिटर, कीबोर्ड, वायरी सगळं त्यांच्याकडे आहे. आणि ज्यांचा कॉम्प्युटर आहे त्यांनाच सोबत न्या, प्रश्न त्यांनाच विचारतात.